जब्बारभाईची सागवानी चौकट

रंग लावायचा तो लाकडाचे ऐब झाकायला आणि पॉलिश मारायचं ते त्याची जात दाखवायला, असं जब्बारभाई पॉलिशवाला जन्मभर सांगत आला. कोणी विचारो न विचारो. भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपासच्या कितीतरी लूममालकांचे दरवाजे त्याने चमकवले होते, आणि कोणी चुकून ऑइलपेंटचं नाव काढलंच तर हा गडी लाखेच्या चपड्याची बाटली उचलून सरळ चालू पडायचा. तोंडाचा फटकळ, पण हात असा की नाव काढावं. अशा माणसाने शेवटी काय केलं ते ऐका, आणि मग त्याला हसायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

एक्क्याण्णव साली त्याच्या गल्लीत घरं अशी उरलीच नव्हती. डावीकडे लूम, उजवीकडे लूम, मधे हा एकटा. बायको सफिया दोन वर्षांपूर्वी अल्लाघरी गेली होती. मुलगा लतीफ मुंब्र्याच्या ब्लॉकमध्ये राहायचा, आणि बापाला त्या खडखडाटात एकटं ठेवायला त्याचं मन होईना. घर विकायचं ठरलं. जब्बारभाईने फार वाद घातला नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी दाराला मी पॉलिश करणार, एवढंच म्हणाला. गणेशपुरीकडून आणलेलं अस्सल सागवान, ते दिसायला नको?

खरं तर बावीस वर्षांत त्या दाराला त्याने एकदाही हात लावला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आता मात्र तो पॉलिशपेपर घेऊन बसला. वर्षानुवर्षांची धूळ, धूर, मळ निघत गेला, खालून पिवळसर लाकूड हसायला लागलं, आणि उजव्या खांबावर, उंबऱ्यापासून दीड हात वर, तळव्याएवढा काळा डाग निघाला. आधी त्याला वाटलं ओल असेल. नाक जवळ नेलं तर खोबरेल तेलाचा वास.

त्याने पॉलिशपेपर खाली ठेवला.

सफिया उजेडासाठी उंबऱ्यात बसायची. लूमवाल्यांच्या सुताच्या कांड्या भरून द्यायची, वीस वर्षं हेच काम. मान अवघडली की चौकटीला डोकं टेकायची. डोकं नेहमी तेलाने चपचपलेलं. तेव्हा हा तिच्यावर खेकसायचा, की लाकूड तेल पितंय, उद्या पॉलिश धरणार नाही. ती हसून म्हणायची, "तुम्ही पॉलिश कराल तेव्हा ना!"

आणि आता बघा. तिचे कपडे गरिबांना देऊन झाले होते. फोटो तिने कधी काढूच दिला नाही. घरात तिचं म्हणावं असं काय उरलं होतं, तर हा डाग.

त्याला इलाज ठाऊक नव्हता असं नाही. काचेच्या तुकड्याने खोल खरवडायचं, सोड्याने धुवायचं, की डाग साफ. दुसऱ्यांच्या दारांवर हे त्याने शंभरदा केलं असेल. काच घेऊन तो तीन दिवस त्या खांबासमोर बसला आणि तीन दिवस तशीच खाली ठेवली. मग अंजूरचा दामू दलाल आला. हा डाग दिसला तर गिऱ्हाईक ओल आहे म्हणून पाय मागे घेईल, असं त्याने स्पष्ट सांगितलं. म्हणाला, "खरवडा, नाहीतर रंग मारून टाका. झाकली मूठ सव्वा लाखाची, जब्बारभाई."

खरवडलं तर सफिया भुशात जाणार. रंगाखाली निदान राहील तरी. कोणी का येईना घरात, ती आपली दारात असेल. एवढा हिशोब केला म्हाताऱ्याने, आणि नाक्यावर जाऊन चॉकलेटी ऑइलपेंटचा डबा घेऊन आला. दुकानदार बघतच राहिला. एकच खांब रंगवला तर विचित्र दिसेल, म्हणून दार, चौकट, सगळंच रंगवलं. लतीफ चिडला. सागवानाला कोणी रंग फासतं का, म्हणाला. जब्बारभाईने सांगितलं की नजर गेली, आता पॉलिश जमत नाही. धंद्यातल्या लोकांना तर आयतीच करमणूक झाली. म्हातारा चळला, म्हणाले. त्याने तेही ऐकून घेतलं.

घर हसन नावाच्या तरुण लूमवाल्याने घेतलं. चांगला पोरगा.

सहा महिन्यांनी कोणाच्या तरी मय्यतीला जब्बारभाई भिवंडीत आला, आणि पाय आपोआप गल्लीत वळले. दार नव्हतं. तिथे भिंतभर लोखंडी शटर होतं आणि आत चार लूम धडधडत होते. हसनने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. लूम आत न्यायला दार रुंद करावं लागलं, हे त्याने आपणहून सांगितलं.

"आणि चौकट?"

"ती होय, चाचा? बेकरीवाल्याला जळणात देऊन टाकली. रंगवलेलं लाकूड, आत काय हाय कोणाला ठाव. सागवान असतं तर ठेवलं असतं मी, नव्या घराला लावलं असतं."

सागवान होतं, हे जब्बारभाईने सांगितलं नाही. पोराला कशाला दोष द्यायचा? तो ओरडला असता, रडला असता तर बरं झालं असतं. त्याने चहा संपवला, कप नीट खाली ठेवला आणि उठला. उभा जन्म ज्याने दुनियेला एकच गोष्ट सांगितली, त्याने ती एकदाच मोडली होती.

नाक्यावर जायला त्याने रिक्षा केली. बेकरीच्या गल्लीतून नेऊ नकोस, एवढंच तो रिक्षावाल्याला म्हणाला.