तोरणाखालची पहिली जोडी

पिठोरी अमावस्या, वार शनिवार, उन्हं कलायला लागलेली. हजर : शेवंताआत्या, म्हणजे आमच्या नगर पंचायतीची नवी अध्यक्ष, माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, बाबांचे मालक दौलतराव पाटील, कमेटीचे, म्हणजे त्याच पंचायतीचे हेडक्लार्क बडेबाबू, मी, इयत्ता पाचवी, आणि एकोणचाळीस बैलजोड्या.

ही हजेरी मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर, बाजाराच्या मैदानातल्या निंबाच्या फांदीवर बसून लिहिली होती. खाली रंगवलेल्या शिंगांची लांबच लांब रांग, पाठींवर झुली, गळ्यांत घुंगरांच्या माळा आणि त्या सगळ्यावर पसरलेला वास... ताज्या रंगाचा, ओल्या शेणाचा, आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना चोळलेल्या हळद-तुपाचा. रांगेच्या तोंडाशी दोन बांबूंना बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण. त्याच्या अगदी खाली पाटलांची पांढरी जोडी, आणि त्या जोडीचा कासरा बाबांच्या हातात.

बाबा पाटलांकडे सालानं होते, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. पोळ्यात पाटलांची जोडी पहिली, हा गावाचा रिवाज. तोरण कमेटीच्या अध्यक्षानं तोडायचं आणि मगच रांग सुटायची, हाही रिवाजच. आजवर अध्यक्ष पाटलांच्याच घरचा असायचा, त्यामुळे हे दोन रिवाज कधी एकमेकांच्या आड आले नव्हते. त्या वर्षी अध्यक्षपद राखीव झालं आणि कापूस वेचणारी, सौंसरकडच्या बागांत संत्री तोडणारी, आठवी शिकलेली माझी विधवा आत्या निवडून आली. आमच्या बौद्ध वस्तीतून त्या खुर्चीत बसलेलं पहिलं माणूस.

पोळ्याच्या दोन दिवस आधी बडेबाबू कार्यक्रमाचा कागद घेऊन आले. त्यात लिहिलं होतं, ‘अध्यक्षांच्या हस्ते बैलपूजन व तोरण’. बैलपूजन त्याआधी कधीच कार्यक्रमात नसायचं, ते ज्याच्या त्याच्या दारात व्हायचं. बौद्ध बाई हळद-कुंकवाला हात लावणार नाही, मग आपणच घरी बसेल, असा तो हिशेब. संध्याकाळी विहारातले म्हातारे बाबूदादा आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “शेवंता, कुकू लावशीन त विहारात कोन्या तोंडानं येशीन?”

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कुकू लावत नाही दादा. पर घरीबी बसत नाही.”

“मंग करतं काय तू?”

“जाऊन उभी रायतो. मंग पाहू.”

पोळ्याच्या सकाळी सालगड्याला नवे कपडे देण्याची रीत असते. बाबांसोबत मी गोठ्यात होते. धोतर आणि सदरा बाबांच्या हातावर ठेवत पाटील अगदी सहज बोलावं तसं बोलले, “गनपत, तुही बहीन तोरनाले हात लावाले आली का जोडी वळवजो. आपली जोडी वळली का मांगच्या साऱ्या वळतीन. खाली बैलच नसले त तोरन तोडून काय करतं थे?”

बाबा “जी” म्हणाले.

घरी येऊन त्यांनी ते जसंच्या तसं आत्याला सांगितलं. चुलीवर भाकरी फुगत होती, धूर घरभर कोंडला होता. आत्या म्हणाली, “भाऊ, साल गेलं त सहा तोंडं हायेत आपल्या घरात. मी तुले काहीच सांगत नाही.”

“मी तरी काय सांगू,” बाबा म्हणाले आणि नवा सदरा अंगात घालून निघून गेले.

आत्या मैदानात आली तेव्हा झडत्या रंगल्या होत्या. पोळ्यात एकमेकांना चिमटे काढणारी ही गाणी म्हणायचा हक्क सगळ्यांना असतो. मागून कुणीतरी आवाज लावला :

“वेचता वेचता कापूस, बाई झाली रानी,
खुर्चीवर बसून आता देईन काय पानी?”

रांगभर हसू पसरलं. आत्याही हसली. “देतो ना भाऊ. तुह्याच वार्डापासून चालू करतो, पयले रस्ता त दे,” असं म्हणत ती पुढे आली. बडेबाबूंनी पूजेचं ताट पुढे केलं. “ज्याचे बैल त्याची पूजा, बाबू. माह्यं काम तोरनाचं हाय,” असं म्हणून तिनं ते हातानं बाजूला सारलं.

मग पाटलांनी फक्त एक शब्द उच्चारला, “गनपत.”

बैल कान हलवायचे तेवढेच घुंगरू वाजत होते. बाबांनी कासऱ्याचा एक वेढा मुठीभोवती घेतला... मी फांदी घट्ट धरली... त्यांची मूठ वर आली, आणि कासरा मातीत पडलेला दिसला.

पाटील तरातरा पुढे आले, त्यांनी स्वतः कासरा उचलून ओढला. जोडी हलली नाही. कितीतरी वर्षं त्या बैलांना एकच हात आणि एकाच जिभेचा टकारा माहीत होता. पाटलांनी पुन्हा हिसका दिला. डावीकडच्या बैलानं मान वळवून बाबांच्या नव्या सदऱ्याला नाक लावलं. “मालक, थे तुमाले वळखत नाहीत,” मागून कुणीतरी हळूच म्हणालं. या वेळी कुणी हसलं नाही.

तोरण पुरुषांच्या उंचीनं बांधलेलं होतं. आत्या चवड्यांवर उभी राहिली, एकदा हात निसटला, दुसऱ्यांदा पानं हाती आली, तोरण खाली आलं. पाटलांनी कासरा टाकला. बाबांनी तो उचलला, टकारा दिला, आणि पांढरी जोडी पुढे निघाली, तिच्यामागे सगळ्या.

बाबांनी जोडी रोजच्यासारखी मालकांच्या दारी नेली, पूजा होईस्तोवर थांबले, वैरण टाकली. दुसऱ्या दिवशी, आम्ही पोरं तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत होतो तेव्हा, त्यांनी सदरा आणि धोतर धुऊन, घडी करून परत केलं. साल सुटलं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पुढची सारी वर्षं त्यांनी पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहिल्या. बैलाच्या पाठीवर त्यांचा हात मी पुन्हा पाहिला नाही.

आत्यानं पाच वर्षांत नळ आणले, आठवडी बाजारात बायकांसाठी मोरी बांधली. पुढच्या खेपेला जागा खुली झाली, आणि ती पुन्हा संत्र्याच्या तोडणीला गेली. पण कुठंही बोलायला उभी राहिली की पहिलं वाक्य ठरलेलं : “माझ्या भावानं कासरा सोडला म्हणून मी उभी आहे.” बाबा शेवटच्या रांगेत बसून आपले तळहात बघत राहायचे.

आत्या गेल्या महिन्यात गेली. येत्या रविवारी विहारात आदरांजली सभा आहे आणि सभेच्या सगळ्या कामांची यादी माझ्याकडे आहे. मांडव सांगून झाला, खुर्च्या आल्या, फोटोला चौकट झाली, खिरीचे तांदूळ आणले. आत्याचा एक पानी जीवन परिचयही लिहून झाला. फक्त त्यातल्या एका वाक्याशी मी अडले आहे. मी फांदीवर होते, वरून सगळं नीट पाहत होते, आणि तरी मला ठाऊक नाही की बाबांनी कासरा सोडला की घामेजल्या मुठीतून तो सुटला. त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

काल चहा घेऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांनी विचारलं, “खुर्च्या आल्या काय वं?” मी म्हटलं, “आल्या बाबा.” ते बशीतला चहा फुंकत राहिले. मी कप विसळून ठेवला आणि आत आले.

यादीतल्या सगळ्या ओळींपुढे खूण झाली आहे. ‘बाबांना विचारणे’ तेवढं राहिलं आहे.