अर्धा सूर वर

तो माणूस गिटार चांगली वाजवायचा, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी जे लिहीन त्याला कुणी जळफळाट म्हणायला नको. म्हणणारे म्हणतीलच म्हणा. कोल्हापुरात कुणाच्या तोंडाला हात लावायची सोय नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या शहरात इंग्रजी रॉक वाजवणारे बँड दोनच. एक त्याचा, एक माझा. ऐकणारे किती होते हा प्रश्न वेगळा. पण इथं फुटबॉल जसा पेठेपेठेत वाटलेला, तसे आम्हीही वाटले गेलो. गाण्यातला एक शब्द न कळणारी त्याच्या पेठेतली पोरं मॅचला यावीत तशी त्याच्या कार्यक्रमाला यायची आणि बाकावर उभी राहून शिट्ट्या मारायची. मी मुरगूडचा, कॉलेजसाठी मामाकडे येऊन राहिलेला. माझ्यामागं पेठ नव्हती. ड्रम वाजवणारा एक आणि बेस वाजवणारा एक, एवढीच माझी फौज.

त्याच्या घरी पिढीजात व्यापार होता आणि पुण्यातला कुणी काका त्याला जुनी परदेशी संगीताची मासिकं पाठवायचा. ती मासिकं त्याला पाठ. त्यातली त्याची आवडती जागा म्हणजे मोठमोठे गिटारवाले एकमेकांना काय काय बोलले ते. हा त्याला भिकार म्हणतो, तो ह्याला चोर म्हणतो, दोघं एका स्टेजवर उभे राहत नाहीत. हे सगळं तो आम्हाला चहाच्या गाड्यावर मराठीत करून सांगायचा, आणि सांगताना त्याचे डोळे चमकायचे. खुन्नस असल्याशिवाय रॉकवाला पुरा होत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. मग खुन्नस धरायला माणूस पाहिजे. जवळ मीच होतो.

सुरुवातीला मात्र आमचं बोलणंचालणं होतं. कारण कॅसेट. चांगल्या इंग्रजी कॅसेट शहरात मिळायच्या नाहीत, त्याच्याकडं होत्या. त्याच्याकडं दोन कॅसेट बसणारा डेकही होता. मी कोरी कॅसेट नेऊन द्यायचो, तो भरून द्यायचा. त्यात त्यानं कधी आढेवेढे घेतले नाहीत, हेही सांगायला हवं.

आमच्या बँडची सगळी विद्या त्या भरलेल्या कॅसेटमधली. गिटारीच्या तारा आम्ही त्या टेपवरच मिळवायचो, दुसरं साधन नव्हतंच. आता गंमत अशी, की मी लग्नाच्या आणि गणपतीच्या दिवसांत एका ऑर्केस्ट्रातही वाजवायचो. तिथं तारा कीबोर्डला मिळवाव्या लागत. आणि ऑर्केस्ट्रातून रॉककडं आलो, की सगळ्या तारा अर्धा सूर वर चढवाव्या लागत. पहिली तार तर सारखी तुटायची. आम्हाला वाटायचं, रॉक म्हणजे हे असंच, ताणलेलं. तिकडं थंडी असते, तिथल्या तारा एवढा ताण सोसत असतील, असं कारण आमच्या बेसवाल्यानं एकदा शोधून काढलं होतं. आम्ही ते मान्यही केलं.

मग कॉलेजचं गॅदरिंग आलं. दोन्ही बँड वाजवणार होते. शेवटी दोघा गिटारवाल्यांनी मिळून एक गाणं वाजवावं, अशी टूम कुणीतरी काढली. गाणं दोघांचं पाठ होतं. तालमीला तो आला नाही. म्हणाला, "येतंय की सगळं. तालीम कशाला?" मीही मान डोलावली. आमच्यात कमीपणा कोण घेणार?

माझ्या बँडनं स्वतःची गाणी झकास वाजवली. आम्ही तिघंही अर्धा सूर वर, त्यामुळं आपापसात कुठं खटकायचं कारण नव्हतं. मग तो स्टेजवर आला. त्यानं सुरुवात धरली, चार मात्रा गेल्या, मी आत शिरलो. आणि जो आवाज झाला तो मी कुणा वैऱ्याच्या कानालाही चिंतणार नाही. मला वाटलं त्याच्या तारा उतरल्यात. मी डोळ्यांनी खुणावलं. त्यानं हात वर करून गाणं थांबवलं, माइक ओढून घेतला आणि अगदी सावकाश म्हणाला, "पावणं, ह्यो ऑर्केस्ट्रा न्हाय. पट्टी कळत नसंल तर लग्नात वाजवा, लग्नात."

हॉल फुटला. त्याच्या पेठेनं बाकं बडवली.

बाहेरच्या माणसाला त्या वाक्यातलं विष कळणार नाही. पावणं आम्ही परक्याला म्हणतो. रस्ता विचारणाऱ्याला, एस्टीत शेजारी बसलेल्याला. ज्याच्या घरी मी कोऱ्या कॅसेट घेऊन जायचो, ज्याच्याबरोबर गाड्यावर चहा प्यायचो, त्यानं भर सभेत मला पावणं म्हटलं. मी गावाकडचा, उपरा, लग्नातला वाजंत्री. तीन गोष्टी एका वाक्यात बसवल्या पठ्ठ्यानं. मासिकं वाया गेली नव्हती.

त्या दिवसापासून शहरात माझं नाव पावणं पडलं. "ते गिटारवालं पावणं" म्हटलं की माणसं ओळखायची. माझा ड्रमवाला पुढच्याच महिन्यात त्याच्याकडं गेला, त्याच्यामागं बेसवाला. राग गेला का असं मला विचारतात. नाही गेला. का जावा? मी रॉक सोडलं, लग्नांत वाजवत राहिलो, पुढं फाउंड्रीत डिस्पॅचला चिकटलो, लग्न झालं. गिटार सोडली नाही, पण ती घरात, दार लावून.

खरं काय ते मला कळलं पुढच्या दशकात. सीडी आल्या, तेव्हा ते गाणं ज्यात होतं तो अल्बम मी सीडीवर आणला आणि हौसेनं गिटार घेऊन बसलो. जुन्या सवयीनं तारा चढवल्या होत्या. एकही सूर बसेना. तारा अर्धा सूर उतरवल्या आणि गाणं किल्ली कुलपात बसावी तसं बसलं. मी कपाटातून जुन्या कॅसेट काढल्या. ज्या हिंदी गाण्यांच्या मी दुकानातून घेतलेल्या त्या बरोबर. ज्या त्याच्या डेकवर भरलेल्या त्या एकूण एक अर्धा सूर वर. त्याच्या डेकचा भरणारा भाग हळू चालायचा. त्यावर भरलेली कॅसेट दुसऱ्या कुठल्याही टेपवर घाईनं पळणार. तो स्वतः मूळ कॅसेट ऐकायचा, त्याचं सगळं बरोबर. चुकीची पट्टी त्यानंच मला भरून दिली होती, आणि त्याच पट्टीवरून त्यानंच मला हॉलभर नागवं केलं. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण मी बेसूर नव्हतो. जे दिलं ते मी चोख वाजवलं होतं. हे आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला ते शहराला कळायला हवं होतं. तेही त्याच्या तोंडून आणि माइकवर.

निरोप पाठवला. एका कॉमन ओळखीच्या माणसाकडून सगळं सविस्तर कळवलं. उत्तर आलं, "जुनं कशाला उकरायचं?"

आणि मग एके दिवशी संध्याकाळी लोकल केबलवर त्याची मुलाखत. तोवर त्याचे गिटारचे क्लास जोरात चाललेले, शिवाय जुन्या हिंदी गाण्यांचे कार्यक्रम. होय, ऑर्केस्ट्राच. नाव फक्त इंग्रजी. मी ताटावर बसलो होतो. मुलाखत घेणाऱ्या मुलीनं जुने दिवस विचारले. तो हसून म्हणाला, त्या काळात या शहरात खरे गिटारवादक दोनच, एक मी आणि एक माझा दोस्त. आमची स्पर्धा निकोप होती. त्याच्या हाताबद्दल मला पहिल्यापासून आदर. आणि ऑर्केस्ट्रासारखी दुसरी शाळा नाही.

पहिल्यापासून! माझा घास तोंडातच राहिला.

बायको पेठ वडगावची, सरळ माणूस. म्हणाली, "अहो, चांगलंच बोलला की. तुमचं तोंड का वाकडं?"

मी म्हटलं, "मला त्याचं कौतुक नकोय."

"मग काय पायजे?"

"खरं."

ती भाकरी वाढून आत गेली.

त्याच्या मासिकांतले ते विलायती वैरी म्हातारे होऊन एव्हाना एकमेकांच्या गळ्यात पडायला लागले होते. बक्षीस समारंभात एकाच स्टेजवर, डोळ्यांत पाणी. इंटरनेटवर सगळं दिसत होतं, त्यानंही पाहिलं असणार. आम्ही शत्रू झालो ते मासिकाच्या सांगण्यावरून, आता दोस्त व्हायचं तेही तिकडच्याच सांगण्यावरून. मत माझंही बदललं होतं, नाही असं नाही. ज्या परदेशी गिटारवाल्याला हा देव मानायचा, त्याला मी हट्टानं रटाळ म्हणायचो. पुढं एकदा शांतपणे ऐकला आणि गप बसलो. वाजवतो बेटा. पण त्या विलायती बाबानं मला माइकवर काही म्हटलं नव्हतं.

मुलाखतीनंतर महिन्याभरात हा दारात हजर. पेढे घेऊन. म्हणाला, जुन्या रॉकवाल्यांचा कार्यक्रम ठरवलाय, रविवारी दुपारी, शेवटी आपण दोघं तेच गाणं वाजवू. मी म्हटलं, वाजवतो. एका अटीवर. गाण्याआधी माइकवर सांगायचं, की त्या दिवशी पट्टी चुकली ती मी भरून दिलेल्या कॅसेटमुळं, आणि मी जे बोललो ते चुकीचं होतं. बस. दोन वाक्यं.

"एवढंच व्हय?" तो म्हणाला. "सांगतो की! त्यात काय!" आणि बायकोच्या हातचा चहा पिऊन गेला.

यावेळी तालीम केली. मनापासून सांगतो, आम्ही दोघं एकत्र फार चांगले वाजलो. तेवढा वेळ त्याचा राग करायला मला सवड झाली नाही.

रविवारी हॉल भरलेला. पुढच्या चार ओळी त्याच्या क्लासच्या पोरापोरींनी अडवलेल्या, मागं त्याची पेठ, आता पोटं सुटलेली. मी गिटार लावली, आवाज तपासला. त्यानं माइक घेतला आणि माझं कौतुक सुरू केलं. हात कसा, कान कसा, माणूस कसा. लोक टाळ्या वाजवत होते. मी वाट पाहत होतो. शेवटी तो म्हणाला, "याच गाण्यावर आमची तेव्हा थोडी गंमत झालेली. जुन्या मंडळींना आठवत आसंल." आणि माझ्याकडं बघून डोळा मारला.

गंमत.

मी वायर काढली. गिटार पिशवीत घातली आणि मागच्या दारानं बाहेर आलो. आत शिट्ट्या सुरू झाल्या.

स्कूटरला किल्ली लावतोय तोवर तो धावत आला. धापा टाकत म्हणाला, "आरं भावा, काय ह्ये? चुकलं माझं. झालं? माफी मागतो. चल आत."

"शिवी माइकवर दिलीस," मी म्हटलं, "आणि माफी पार्किंगमध्ये मागतोस?"

त्यानं हॉलच्या दाराकडं पाहिलं. आवाज खाली आला. "आत माझी पोरं बसल्यात रं. त्यांच्यासमोर कसं सांगू? मला मास्तर म्हणत्यात."

तेव्हा मी त्याला ते सांगितलं, जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. गॅदरिंगला माझा बाप आला होता. मुरगूडहून एस्टीनं, धुतलेला पटका बांधून. पोरगं एवढं गिटार गिटार करतंय, बघू तरी काय असतंय, म्हणून. शेवटच्या ओळीत बसला होता. नंतर मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो आणि सांगत राहिलो, की आबा, माझं चुकलं नव्हतं. बाप गाडीत चढला, खिडकीत बसला आणि म्हणाला, "त्यो म्हणतुय त्यात कायतरी आसंलच की. माइकवर कोण खोटं बोलतंय व्हय?" पुढं त्यानं गिटारचा विषय काढला नाही. सीडी आल्या तेव्हा तो नव्हता.

"तुझं खरं मानून मेला माझा बाप," मी म्हटलं.

तो जागचा हलला नाही. मग म्हणाला, "मला ह्ये म्हाईत न्हवतं."

"आता म्हाईत झालं. माइक चालू हाय आत."

तो खाली मान घालून गेला. मी स्कूटरची किल्ली काढली आणि थांबलो. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. शिट्ट्या थांबल्या. माइकवर त्याचा खोकल्याचा आवाज आला, तेवढाच. मग कुणीतरी ड्रमच्या काड्यांवर चार ठोके दिले आणि गाणं सुरू झालं.