झाडाचे चार ऋतू, काळ्या शाईत

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात पेंटरमामांची हयात गेली. मग छापील फलक आले आणि त्यांना कुणी विचारेना. शिडी जिन्याखाली गेली, मामा खिडकीपाशी बसून राहू लागले.

अशात त्यांची भाची, बालवाडीतली बाई, स्वतःची कविता घेऊन आली. एका झाडाचं वर्षभराचं गाणं होतं.

"प्रकाशक मिळालाय, मामा. चित्रं तुम्ही काढा."

"मी अक्षरं रंगवणारा. झाड कुठलं जमायला?"

तिने वाचून दाखवलं, "पान पिकलं, पान गळलं, झाड उभंच, नाही पळलं."

मामांना हसू आलं. त्यांनी कागद मागितला.

मग त्यांना तहानभूक राहिली नाही. पालवीचा पोपटी जमेपर्यंत तीनदा रंग कालवला. गळत्या पानांचा तांबूस तर एकेका पानाला वेगळा. मामी म्हणाली, "लग्नात माझ्याकडे एवढं निरखून पाहिलं नव्हतंत."

"तेव्हा तू कुठे रंग बदलत होतीस?"

पुस्तक आलं ते नुसत्या काळ्या शाईत. भाचीने प्रकाशकाला फोन लावला.

"रंगीत छपाई झेपत नाही हो," तो म्हणाला. "आणि पोरांना काय कळतंय?"

मूळ चित्रं परत मागितली, तर कार्यालय हलवताना ती कुठेतरी गेली होती. सापडली की कळवतो म्हणाला. कळवलं नाही.

भाचीने आग्रह करून मामांना वर्गात नेलं. ती कविता वाचत होती, मामा पानं उलटून दाखवत होते. मोहोराच्या पानावर एका मुलीने बोट ठेवलं.

"झाडावर एवढ्या माश्या का बसल्यात?"

"मोहोर आहे गं तो," भाची घाईने म्हणाली.

"काळा?"

मागून एकजण म्हणाला, "झाड जळलंय."

भाची काही बोलणार, तोच मामा म्हणाले, "हो बाळा, जळलंय." आणि पुढचं पान उलटलं.

घरी मामीने विचारलं, "आवडलं का मुलांना?"

"आवडलं."

त्यानंतर त्यांनी ब्रश धरला नाही. बाटल्यांमधले रंग वाळून खडे झाले. पुढे भाची नवी कविता घेऊन आली, तेव्हा म्हणाले, "आता हात थरथरतो गं."

तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. गुडघ्यावर तो अगदी स्थिर होता. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मामीला चहाला मदत करायला आत गेली.