चार मात्रांची मोकळी जागा

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पेटी शिकायला घेतली आणि दोन वर्षांनी ती प्रथमच कोणासमोर वाजवली. खाडीकाठच्या करावे गावालगतच्या एका कॅथलिक शाळेत मी ग्रंथपाल आहे. कपाटांमागे फारसे बोलावे लागत नाही, म्हणून हे काम मला मानवले. आमचे घर मराठवाड्यातील, बौद्ध. वर्षावासातले नेम मला ठाऊक होते. शाळेतला ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ मात्र मी आजवर वाचनालयाच्या खिडकीतूनच पाहिला होता.

गेल्या वर्षी संगीताच्या बाई त्या खिडकीशी आल्या. बाई वसईच्या, निवृत्तीला टेकलेल्या.

“सर, चर्चमध्ये ईस्टरच्या मिस्साला, मोठ्या प्रार्थनेला, मुलं एक मराठी गीत म्हणणार आहेत. पेटी तुम्ही धरायची.”

मला नाही म्हणायचे होते. ते जिभेवर येईपर्यंत गीताचा कागद माझ्या हातात होता.

पहिली तालीम माझ्या रजेमुळे चुकली. दुसऱ्या तालमीला पाहतो तो प्रत्येक ओळीनंतर कागदावर टिंबांची एक रांग. तिथे आले की मुले एकदम गप्प होत आणि बाई टेबलावर बोटाने चार मात्रा मोजत. मग पुढची ओळ. इतकी नेमकी शांतता कशासाठी, याचा मी घरी जाईपर्यंत विचार केला. उत्तर एकच सुचले: ती जागा पेटीसाठी सोडली असावी.

तिसऱ्या दिवशी मी भीत भीत तिथे चार सरळ स्वर भरले. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि मुलांना पुढची ओळ सुरू करून दिली. पुढच्या आठवड्यात मी एक मुरकी घातली. त्यानंतर रोज घरी, जेवणाआधी, त्याच चार मात्रा घोटत बसू लागलो. मला कोणी जागा करून देण्याची सवय नव्हती.

बाकी सर्व गोष्टींची मी चौकशी करीत असे. क्रुसावर जांभळे कापड का? वेदीवर फुले का नाहीत? उपाहारगृहात शुक्रवारी चिकन रोल का मिळत नाही? तालमीला येणारी मुलेच उत्तरे देत. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात, हे कळल्यावर त्यांच्यातली करावे गावातली सातवीची मुलगी हसू लागली. ती ख्रिस्ती नव्हती; आवाजासाठी बाईंनी तिला घेतले होते.

“मासं चालतान? मंग आमचा त रोजच उपास हाय!”

“तुझी आजी तर संतच झाली पाहिजे,” शेजारचा मुलगा म्हणाला.

टिंबांविषयी मात्र मी कोणालाच विचारले नाही. विचारले तर जागा जाईल, असे कुठेतरी वाटत होते.

ईस्टरच्या सकाळी चर्चमध्ये जांभळे काही उरले नव्हते. सगळीकडे पांढरी फुले. पहिली ओळ संपली. मी श्वास घेतला, मान वर केली आणि इतके आठवडे घोटलेली मुरकी सुरू केली. त्याच क्षणी मुलांनी, आणि त्यांच्यामागे सबंध चर्चने, घसा मोकळा करून म्हटले, “आलेलुया!”

माझी बोटे पट्ट्यांवरच थिजली. भाता तेवढा हलत राहिला. दुसऱ्या ओळीनंतर पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी मुरकी सोडली आणि त्या शब्दाखाली साधा षड्ज धरून ठेवला. कान इतके तापले होते की गीत कधी संपले, ते कळले नाही.

मिस्सा संपल्यावर मी पेटी बंद करीत होतो. बाई जवळ आल्या.

“उपवासकाळात आम्ही तो देवाच्या स्तुतीचा शब्द उच्चारत नाही, सर. मी तर लिहीतही नाही, म्हणून ती टिंबं. चाळीस दिवस अडवून धरायचा आणि आज सोडायचा. मुलांना पहिल्याच तालमीला सांगितलं होतं, तुम्हालाही सांगायला हवं होतं.”

“आणि मी तिथे वाजवीत बसलो.”

“खरं तर या दिवसांत वाद्यानं एकट्यानं वाजायचंही नसतं,” बाई म्हणाल्या. “तिसऱ्या दिवशीच थांबवणार होते तुम्हाला.”

“मग थांबवले का नाहीत?”

“तालीम होती, मिस्सा नव्हता. अन् तुम्ही त्या चार मात्रांपुरतेच वर बघायचात.”

एवढ्यात करावे गावची मुलगी ईस्टरला वाटतात ते काजूच्या पिठीचे गुलाबी अंडे चावीत आली. “सर, तुमचं मदलं वाजवनं कुटं गेलं? मना त्येच आवडायचं.”

“आता वाजवा,” बाई म्हणाल्या. “आता चालतं.”

लोक बाहेर पडत होते, बाक सरकत होते. मुलीने अंडे तोंडात टाकून बोट मोकळे केले आणि पेटीच्या लाकडावर चार मात्रा मोजल्या. मी वाजवले. तिने पुन्हा मोजल्या.