येताना वाद्य घेऊन या

माझ्या दवाखान्यात पेशंट टेबलावर पालथा झोपतो, त्याचं तोंड टेबलाच्या भोकात जातं आणि समोर दिसतात फक्त माझ्या चपला. चपलांपुढे माणूस काय वाटेल ते बोलतो. बायकोला सांगत नाही तेही सांगतो! गंगापूर रोडवर इतकी वर्षं ऑस्टिओपॅथी करतेय. गोळी नाही, सुई नाही, नुसते हात. त्यामुळे आमच्याकडे औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यातला तबलेवाल्या नानांचा शेवटी सांगते, कारण त्यात नानांचा तबला कायमचा सुटायची वेळ आली होती.

---

सुरुवातीला नाशकात ऑस्टिओपॅथ म्हणजे कोण, हेच कुणाला माहीत नव्हतं. निफाडचे एक द्राक्षबागायतदार मला हाडं बसवणारी बाई समजून आले. मांडवाखाली दिवसभर वर बघून बघून मान आखडलेली. मी बराच वेळ हळूहळू काम केलं. मान दोन्हीकडे छान वळायला लागली, पण गडी नाराज.

"वळती हाय," ते म्हणाले, "पण कट् असा आवाज नाय आला."

आवाजाची गरज नसते, हे मी नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेबलावरून खाली उतरले. उतरताना त्यांच्या गुडघ्यातून खणखणीत कट् आला.

"आला बघा!"

एकदम खूश. पुढच्या हंगामात द्राक्षांची पेटी आणि गावातल्या चार-पाच आखडलेल्या माना घेऊन हजर.

---

देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार होते. फौजेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. पाठ धरलेली. अंग सैल सोडा म्हटलं की "सोडलंय" म्हणायचे, आणि हात लावावा तर नुसती फळी! श्वास सोडायला सांगून झालं, डोळे मिटायला सांगून झालं. काही उपयोग नाही. शेवटी वैतागून मी ओरडले, "विश्राम!"

सुभेदार जागच्या जागी सैल पडले. रिसेप्शनिस्ट म्हणते, बाहेर वाट बघत बसलेले त्यांचे दोन सोबतीही खुर्चीत सैल झाले.

---

वादकांसाठी माझा एकच नियम आहे: येताना वाद्य घेऊन या. दुखणं टेबलावर दिसत नाही, ते वाजवताना दिसतं.

हा नियम ढोलपथकातल्या एका मुलीने शब्दशः पाळला. कंबर धरलेली, तरी ढोल जिन्यावरून वर आणला. मी म्हटलं, वाजव. तिने पहिला टोला हाणला आणि खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांचा पेशंट खुर्चीतून उठून निघून गेला होता.

पण तेवढ्यात मला हवं ते दिसलं. ढोल फार खाली बांधलेला, म्हणून ती मागे वाकून वाजवत होती. पट्टा वर घेतला, कंबरेवर थोडे दिवस काम केलं. विसर्जनाला पोरगी शेवटपर्यंत वाजवत होती. आमच्या इमारतीखाली पथक थांबवून तिने मला खास सलामीही दिली. दातांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी दवाखाना बंदच ठेवला होता.

---

आता नाना. आमच्याकडच्या एका नावाजलेल्या गायिकेला, सगळे त्यांना बाईच म्हणतात, नाना तरुणपणापासून साथ करत आलेले. डाव्या हाताला मुंग्या यायच्या, डग्गा ऐकेना. मोठ्या डॉक्टरांच्या तपासण्या झाल्या, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. नानांनी मात्र मनाने हाय खाल्ली. दिवाळी पहाटेला दुसरा तबलजी घ्या, असं त्यांनी बाईंना कळवलं. बाईंनी उलट निरोप पाठवला, की मग मीही गात नाही.

नाना तबला घेऊन आले. मी मोबाइलवर बाईंचंच गाणं लावलं. नानांनी झकास साथ केली. मुंग्या नाहीत, काही नाही. मी चक्रावले. घरीही एकट्याने वाजवताना त्रास होत नाही म्हणाले. मग मी म्हटलं, उद्या येताना बाईंना घेऊन या.

बाई आल्या, सतरंजीवर नानांच्या डाव्या हाताला बसल्या आणि गायला लागल्या. नानांची मान डावीकडे वळली ती वळलीच. बाईंचा चेहरा बघितल्याशिवाय हा माणूस ठेकाच धरत नव्हता! मानेत नस दबून थोड्याच वेळात हाताला मुंग्या सुरू.

"नाना," मी म्हटलं, "दुखणं तबल्याचं नाही, बाईंचं आहे."

मानेवर मी काम करणारच होते, पण तबला बाईंच्या दुसऱ्या बाजूला मांडा, असंही सांगितलं. नाना बिथरले. तबला गाणाऱ्याच्या उजवीकडेच असतो, लोक काय म्हणतील!

दिवाळी पहाटेला मी मुद्दाम पुढे बसले होते. आयोजकांनी नेहमीप्रमाणे तबला उजवीकडे मांडला. बाई नऊवारी सावरत स्टेजवर आल्या, वाकून डग्गा उचलला आणि स्वतः डावीकडे नेऊन ठेवला. पेटीवाला मुकाट्याने उठून उजवीकडे गेला. नानांनी असं वाजवलं की उन्हं वर आली तरी लोक हलेनात. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, लपवलीही नाही.

पुढच्याच आठवड्यात बाई दवाखान्याच्या दारात उभ्या. मान वाकडी झालेली. मागे नाना, नियमाप्रमाणे बाईंचा तंबोरा सांभाळत.

"आयुष्यभर समेला उजवीकडे बघून दाद दिली," बाई म्हणाल्या. "अजून सवयीने उजवीकडेच बघते. तिथे पेटीवाला ओशाळून हसतो. मग झटक्यात डावीकडे वळावं लागतं."

मी म्हटलं, मग थोडे दिवस दर समेला बघू नका.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तो वाजवतोय, आणि मी बघू नको?"