पश्चिमेचा छज्जा

आमच्या थोरल्या साडूंइतकं उन्हाशी वैर धरणारा माणूस बोरिवलीपासून सांताक्रूझपर्यंत दुसरा सापडणार नाही. कुणाच्याही घरी गेले की नमस्काराआधी पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावतील, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा. लग्नाच्या हॉलबाहेर ऊन तासाभराने कुठे सरकेल ते ओळखून खुर्ची धरतील. माझी मेहुणी म्हणते, "मला बघायला आले तेव्हा यांनी आधी आमची खिडकी बघितली. होकार तिलाच होता, मी नुसती बरोबर आले." मालाडला पुतण्यासाठी फ्लॅट बघताना विक्रीवाल्या मुलीने दोनदा 'गार्डन व्ह्यू' म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, "बाई, बाग दिसेल हो. पण दुपारी चारला डोळे उघडे राहतील का?"

लष्करी बांधकामांच्या खर्चाचे अंदाज तयार करणं ही त्यांची नोकरी. मी अंधेरीतल्या एका कंपनीत, इमारतींना 'हरित' दाखला मिळवून देण्याच्या कामात. दाखला मिळाला की दाराशी हिरवी पाटी लागते. "हा पाटीवाला, मी छज्जेवाला," अशी ते आमची ओळख करून देत.

जवानांच्या कुटुंबांसाठी उपनगरात चार मजली क्वार्टर्स बांधायची ठरली आणि आम्ही एका टेबलाशी आलो. रक्कम ठरलेली, दाखला सक्तीचा. दाखल्याची फी, तपासण्या, आमच्या कंपनीचा मोबदला, हे सगळं बसवायचं तर कुठेतरी कात्री लागणार होती. पश्चिमेच्या खिडक्यांवरचे रुंद छज्जे काढले तरी दाखल्याचे गुण पुरत होते. आमचे साहेब म्हणाले, "मग दाखल्याच्या खर्चाची फारशी झळ बसणार नाही."

साडूंनी चष्मा काढला. "कुठल्या मजल्याला?"

सगळे हसले. ते हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, तू सांग. पाटीने भिंत थंड होते?"

"नाही," मी म्हणालो. "छज्ज्याने होते."

ते सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि छज्जे कापले. यात तुमचा काय दोष, असं बायको म्हणते. पण माझी भाकरी त्या पाटीचीच आहे, आणि ती मी रोज खातो.

पाटी लागल्यावर आम्ही दोघं तिथे गेलो. वरच्या मजल्यावर साताऱ्याकडच्या एका वहिनींनी पाणी दिलं. पश्चिमेच्या खिडकीला त्यांनी ओली चादर बांधली होती. "दुपारी त्रास होतो का हो?" साडूंनी विचारलं.

"होतो की. पण आमचे हे राजस्थानात आहेत. त्यांना फोनवर काय म्हणून सांगायचं?"

जिना उतरताना साडू मध्येच थांबले. "माझंच चुकलं रे. सगळे अंदाजात फुगवून मागतात, कापाकापी गृहीत धरून. मी छज्जा लागेल तेवढाच मागितला. दुप्पट रुंद मागितला असता तर कापून निम्मा तरी उरला असता."

त्या घराबद्दल अपराधी वाटून घ्यायचं ते मी, असं इतके दिवस मला वाटत होतं. तेवढंही त्यांनी माझ्याकडे ठेवलं नाही.