कारेलीबागेतला सरखेल

माझा चुलतभाऊ जगदेवराव रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाला आणि त्याला मूळपुरुष सापडला. समुद्र सोडून पादरा गावाकडे शेतीला लागलेला आमचा खापरपणजोबा आरमाराचा प्रमुख, म्हणजे सरखेल होता, असं त्याने आधी ठरवलं आणि शोध मग सुरू केला. मी गोरव्याच्या कारखान्यात जन्मभर लेथवर उभा राहिलो. तिथे आधी माप घ्यायचं, मग कापायचं. जगदेवरावाची पद्धत सुधारलेली.

पुरावा म्हणजे घरची रीत. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे विहिरीला नारळ वाहतात आणि घरातला थोरला वाकून पोहऱ्यातलं पाणी पाठीमागे फेकतो. जगदेवराव कारेलीबागेतल्या तळमजल्यावरच्या घरात न्हाणीतली बादली पुजून तेच करतो. ही सरखेलाला सलामी, असं तो सांगे. 'सरखेल निवास' अशी सागवानी पाटीही झाली. पौर्णिमेला ती लावायला मराठी मंडळाच्या उदयसिंहरावांना बोलावलं. त्यांची सरदारकी खरी. त्यांच्यासमोर फजिती होऊन चालणार नव्हतं.

म्हणून खात्रीसाठी आम्ही गावी विमलआत्याकडे गेलो. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"सरखेल कसला, जगदेवा? गलबतात शिरलेलं पाणी उपसायला होता तो. म्हणून तर रीत. तिथे पाणी बाहेर फेकायचा, इथे मोटेने वर काढायचा. बढती काही झाली नाही बघ."

परतताना बसमध्ये जगदेवराव म्हणाला, आत्याचं आता वय झालं. आमंत्रण कायम राहिलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विश्वामित्री नदीला पूर आला आणि ती घरात शिरली. मी पोचलो तेव्हा जगदेवराव पलंगावर उभा राहून सूचना देत होता. त्या क्षणी मला तो सरखेलाचाच वंशज वाटला. शालिनीवहिनीने पाटी दाराला आडवी लावली, फटीत चिंध्या कोंबल्या. पाटी पहिल्यांदाच कामाला आली. मग तिने नवऱ्याच्या हातात बादली दिली.

दुसऱ्या दिवशी उदयसिंहराव पायजमा वर धरून आले. आम्ही अजून उपसतच होतो. जगदेवरावाच्या तळहाताला फोड आले होते, पण हात आता बरा वळत होता. दाराशी आडवी पडलेली पाटी त्यांनी वाचली.

"काय जगदेवराव, मूळपुरुष आरमारात नक्की कोण होते?"

जगदेवरावाने माझ्याकडे पाहिलं. मग पाठ सरळ न करता बादली भरली आणि बाहेर फेकली.

"पाणी उपसायला होते."

एवढ्या शोधात पुराव्यासकट बोललेलं हे त्याचं पहिलंच वाक्य.